ओळ चुकली म्हणून

मावशी आमच्याकडे राहायला आली की तिसऱ्या दिवशी तिला घर टोचायला लागतं. तो तिसराच दिवस होता. सकाळी साडेसातला मी डोळे चोळत बाहेर आले तर ती खिडकीशी उभी राहून समोरच्या झाडाकडे बघत होती.

"निम्मी पानं गळली गं," ती म्हणाली. "आज बुधवार ना? म्हणजे समुद्रावर कुत्रंसुद्धा नसेल. जाऊया?"

असं कुणी विचारलं की माझं ठरलेलं उत्तर असतं, 'रविवारी बघू'. तो रविवार कधी येत नाही. त्या दिवशी मात्र तोंडातून 'चल' निघून गेलं आणि मग ते मागे घेता येईना. एक काम फोन करून उद्यावर ढकललं. दुसरं मला करायचंच नव्हतं, त्याला आयतं निमित्त मिळालं.

डबा, पाण्याच्या बाटल्या, थर्मास, कानटोप्या, दोन टॉवेल, मावशीची काठी. जास्तीचे मोजे मावशीने स्वतःपुरते घेतले, मी घेतले नाहीत. हे मुद्दाम सांगतेय, पुढे त्यावरून बोलणी खाल्ली आहेत.

एक गोष्ट बघितल्याशिवाय मी समुद्रावर जात नाही, ती म्हणजे भरती-ओहोटीचा तक्ता. वर्षाच्या सुरुवातीला तो छापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. महिन्याचं एक पान, दिवसाची एक ओळ, ओळीत चार वेळा आणि चार उंच्या, सगळं मुंगीएवढ्या अक्षरात. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे उधाणाचे दिवस. उधाण म्हटलं की चढलेलं पाणीच डोळ्यांसमोर येतं, पण त्याच दिवसांत ओहोटीही खोल जाते. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आले की दोघांची ओढ एकवटते. समुद्र त्या ओढीला जरा उशिरा दाद देतो, म्हणून पुष्कळ किनाऱ्यांवर खरं उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी फार वरही नाही आणि फार खालीही नाही.

मला खोल ओहोटीच हवी होती. आम्ही जातो त्या लांबलचक किनाऱ्याच्या एका टोकाला डोंगराची सोंड थेट पाण्यात उतरते आणि सोंडेपलीकडे एक छोटी पुळण आहे. तिथे जायला रस्ता नाही. उधाणाच्या ओहोटीला सोंडेच्या पायथ्याची वाळू दोनेक तास उघडी पडते, तेवढ्यात जायचं आणि यायचं. मी तक्त्यावर बोट टेकवून वाचलं, ओहोटी 12:20. "अकराच्या सुमारास तिथे पोचलो की झालं," म्हणाले आणि दार लावलं.

गाडी लावायच्या पटांगणात आमची एकच गाडी. उन्हाळ्यात इथे जागेवरून भांडणं होतात. छत्र्या, खुर्च्या, भाड्याच्या होड्या सगळं आवरून नेलेलं. जीवरक्षकांच्या मनोऱ्याच्या शिडीला साखळी. मावशीने त्या साखळीकडे बघून एवढंच म्हटलं, "म्हणजे आज आपलं आपण." पोहायचा बेत नव्हताच.

वारा चावरा होता. पण बूट काढून कडेच्या पाण्यात पाय घातले तर पाणी वाळूपेक्षा उबदार! मी दोनदा आतबाहेर करून खात्री केली. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, त्यामुळे शरद सरत आला तरी त्याच्या अंगात उन्हाळ्याची थोडी ऊब शिल्लक असते. जमिनीने ती केव्हाच सोडून दिलेली असते. माणसं मात्र जमिनीबरोबर निवतात आणि स्वेटर चढला की समुद्राला रजा देतात.

मावशीने सदतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण प्रश्न विचारायची खोड गेलेली नाही. ओल्या वाळूवरून चालताना ती एकदम थांबली.

"पाऊल टाक. आता बघ, पावलाभोवती काय झालं?"

पावलाभोवतीची चकचकीत ओली वाळू क्षणभर फिकट, कोरडी झाली होती. पाय उचलल्यावर तिथेच पाणी साचलं.

"आपल्या वजनाने पाणी पिळून निघालं," मी म्हणाले.

"पिळून निघालं तर वर यायला हवं. हे तर आत गेलं."

मी गप्प. हे मी जन्मभर बघत आले होते आणि जन्मभर चुकीचं समजत होते. लाटांनी ठोकून ठोकून वाळूचे कण एकमेकांत गच्च बसवलेले असतात. त्यांच्यावर दाब आला की सरकण्यासाठी त्यांना एकमेकांवर चढावं लागतं, त्यामुळे मधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी त्या फटींत उतरतं. म्हणजे पायाखाली दबलेली वाळू दबत नाही, फुगते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने 1885 मध्ये हे नीट उलगडून सांगितलं. "माणूस हजारो वर्षं वाळूवर चालतोय," मावशी म्हणाली, "आणि खाली बघायला 1885 उजाडावं लागलं." मग पुढची दोनशे पावलं आम्ही दोघी खाली बघत, मुद्दाम धपाधप पाय टाकत चाललो. कुणी बघणारं असतं तर एवढं केलं नसतं.

सोंडेपाशी पोचलो तेव्हा 11:10 झाले होते. आणि समोर वाट नव्हती. काळ्या दगडांच्या पायथ्याशी मांडीएवढं पाणी घुसळत होतं, लाट आली की त्याहून वर.

मला काही समजेना. 12:20 ला ओहोटी, म्हणजे एवढ्यात वाळू दिसायला हवी होती. फोनमध्ये तक्त्याच्या पानाचा फोटो होता तो उघडला, दोन बोटांनी मोठा केला. आजच्या ओळीत 13:00. वरच्या ओळीत 12:20. सकाळी माझं बोट कालच्या दिवसावर टेकलं होतं. ओहोटीची वेळ रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेईतो चंद्रही पुढे गेलेला असतो आणि त्याला गाठायला तिला तेवढा जास्तीचा वेळ लागतो. उधाणात हा फरक थोडा कमी असतो, भांगात तासाच्याही वर जातो. आमचा फरक चाळीस मिनिटांचा.

"पट्टी ठेवून वाचत जा," मावशी म्हणाली. एवढंच. शाळेत पाचवीच्या मुलांना सांगते त्याच आवाजात. मग तिने एक सपाट दगड बघितला, टॉवेलची घडी अंथरली आणि बसली. "आता पाणी जातंय की नाही ते तरी नीट बघू. एक खूण धर."

माझी चूक झाली नसती तर ही पाऊण तासाची बैठक झालीच नसती. दिवसातलं सगळ्यात चांगलं म्हणून मला तीच आठवते.

खूण म्हणून समोरच्या दगडावरची एक आडवी भेग धरली. तिच्या वर बार्नॅकलचा, म्हणजे दगडाला चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचवाल्या जिवांचा, पांढरट पट्टा होता, हातावर काटा उभा राहावा तसा खरखरीत. पाणी उतरलं की बार्नॅकल आपली दारं घट्ट मिटून ओल आत धरून ठेवतात. पाण्याखाली गेले की तीच दारं उघडून पिसासारखे पाय बाहेर काढतात आणि पाण्यातलं खाणं ओढून घेतात. म्हणजे त्यांचाही दिवस तक्त्याप्रमाणेच चालतो, फक्त ते ओळ चुकत नाहीत. हे मी मोठ्याने म्हटलं, त्यावर मावशी हसली आणि मला बरं वाटलं.

पहिली दहा मिनिटं भेगेवरून पाणी सतत ये-जा करत होतं. ते उतरतंय असं छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. मग केव्हातरी लक्षात आलं की लहान लाटा भेगेपर्यंत पोचत नाहीयेत. नंतर मधल्या पोचेनाशा झाल्या. मोठी लाट आली की भेग बुडायची आणि आम्हाला वाटायचं, परत चढलं की काय! सातवी लाट मोठी असते असं मी कुठेतरी ऐकलं होतं. मावशीने लगेच मोजायला घेतलं. पाचवी मोठी आली, मग नववी, मग सहावी आणि सातवी लागोपाठ. वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळतात. कुठे त्यांचे चढ एकत्र येतात, कुठे एकीचा चढ दुसरीच्या उतारात बुडतो, म्हणून मोठ्या लाटा घोळक्याने येतात. सातवर त्यांचं काही विशेष प्रेम नाही. घड्याळ लावलं तर मिनिटाला सहा लाटा निघाल्या, दोन लाटांमध्ये दहा सेकंद. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा इतक्या संथ नसतात, घाईत येऊन आपटतात. या दूरवर कुठल्यातरी वादळात निघालेल्या होत्या. ते वादळ आम्हाला कधी कळणारही नव्हतं.

तेवढ्यात तुतवारांच्या जातीतले छोटे पक्षी आले. सँडरलिंग. वीसेक असतील. लाट मागे हटली की तिच्या पाठोपाठ तुरुतुरु धावत ओल्या वाळूत चोची मारायच्या आणि पुढची लाट फुटली की सगळ्यांनी एकदम माघारी पळायचं. पाय इतके भराभर हलतात की दिसेनासे होतात, शरीर जणू चाकांवर सरकतं. या पक्ष्याला मागचं बोट नसतं. बहुतेक तुतवारांना ते असतं. सँडरलिंगची वीण पार उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात होते आणि थंडीत ते जगभरच्या वाळूच्या किनाऱ्यांवर पसरतात. माणसांचा हंगाम संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. आमच्यापासून दहा पावलांवर त्यांचं काम चालू होतं, आमची त्यांनी दखलही घेतली नाही. मावशी एकदा शिंकली तेव्हा फक्त दोघांनी मान वळवली.

11:55 ला सोंडेच्या पायथ्याशी वाळूची एक ओली पाती दिसली. पाच मिनिटांनी ती हातभर रुंद झाली. काठी मावशीच्या एका हातात, दुसरा हात माझ्या हातात. शेवाळावर पाय द्यायचा नाही, बार्नॅकलवर दिला तर घसरत नाही, हे तिनेच मला सांगितलं. पलीकडे पोचलो. "ओहोटीच्या तासभर आधी उघडली, म्हणजे ओहोटीनंतर तासाभरात मिटणार," मी म्हणाले. "दोनच्या आत परत." या वेळी ओळ तीनदा वाचली होती.

पुळण शंभर-सव्वाशे पावलांची. पाऊलखूण एकही नाही. नुकत्याच होऊन गेलेल्या वाऱ्यापावसाने भरतीरेषेवर शेवाळाचा जाड, काळपट पट्टा आणून टाकला होता. त्याला वास होता, सगळ्यांना आवडेल असा नाही. मला आवडतो. मावशी त्या पट्ट्याच्या एका टोकाशी बसली ती जवळजवळ सरपटतच दुसऱ्या टोकाला गेली.

तिला पहिल्यांदा मिळाला तो समुद्रफेस. पांढरा, होडीच्या आकाराचा, वजन जवळजवळ नाहीच. नावावरून वाटतं फेस वाळून घट्ट झाला असेल, पूर्वी लोकांना तसंच वाटत असणार. ते असतं माकुलाच्या, म्हणजे कटलफिशच्या, अंगातलं कवच. मावशीने तो मोडला आणि कडा माझ्या डोळ्यांसमोर धरली. पानांवर पानं रचावीत तसे पातळ थर आणि थरांमध्ये उभे बारीक खांब. या कप्प्यांत किती पाणी आणि किती वायू ठेवायचा हे कमी-जास्त करून माकूल न बुडता, न तरंगता पाण्यात हवं तिथे थांबतं. नखाने कोरलं तर पावडर होऊन पडतं अशा वस्तूवर एवढं सगळं चालतं.

मग तिने शिंपले वेचले, पण फक्त भोकवाले. तिला माळ करायची असेल असं मला वाटलं. तिने सात-आठ एका ओळीत मांडले. प्रत्येकाच्या वरच्या टोकाजवळ एक गोल भोक, पिनेने पाडल्यासारखं. ही भोकं दुसऱ्या गोगलगायी पाडतात. कानशीसारख्या जिभेने घासायचं, आम्लाने कवच मऊ करायचं, असं करत आतल्या जिवापर्यंत पोचायचं. भोकाची कड आत उतरती असेल, स्क्रूचं डोकं बसवायला करतात तशी, तर तो नॅटिका कुळातल्या गोगलगायीचा उद्योग. सरळ असेल तर बहुतेक म्युरेक्सच्या कुळातली. आमच्या आठांपैकी सहा उतरत्या कडेचे निघाले. "सहा खून, एकच टोळी," मावशी म्हणाली.

त्याच पट्ट्यात प्लॅस्टिकचे दाणेही होते. साबुदाण्याएवढे, काही पांढरे, काही पिवळट. प्लॅस्टिकच्या वस्तू करायचा हा कच्चा माल. वाहतुकीत सांडतो आणि समुद्रभर फिरत राहतो. आधी मी मोजत होते, साठावर सोडून दिलं. एका रिकाम्या बाटलीत मावते तेवढी ओंजळ भरली आणि बरोबर आणली. त्याने काय झालं, काही नाही, पण तिथे टाकून यायला हात धजेना.

डबा खाऊन झाल्यावर मावशी उन्हात टेकली. डोंगराने वारा अडवलेला, ऊन तिरपं आणि मऊ. दोन मिनिटं डोळे मिटते म्हणाली. मला घड्याळ दिसत होतं. 1:40 झाले, 1:50 झाले. तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि कानटोपी एका कानावरून सरकलेली. गेल्या वर्षभरात तिला रात्रीची झोप नीट लागत नाही हे मला माहीत होतं. पाच मिनिटांनी उठवू, असं मी तीनदा म्हटलं. चूक शंभर टक्के माझी, आणि ही ओळ वाचण्यातली नव्हती.

2:15 ला उठवलं. सोंडेशी आलो तेव्हा 2:20. वाळूची वाट गेली होती.

पाणी नडगीपर्यंत होतं, लाट आली की गुडघ्याला लागत होतं. फार नव्हतं. पण पाणी आता चढणारं होतं आणि माझ्या हातात अडुसष्ट वर्षांची बाई होती. बारा भागांचा हिशेब मला पाठ आहे: ओहोटी ते भरती या सहा तासांत पाणी पहिल्या तासात बाराव्या हिश्शाएवढं चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे पुढच्या प्रत्येक मिनिटाला ते आणखी वेगाने येणार होतं. मागे थांबलो तर पुढची ओहोटी मध्यरात्रीनंतर.

"घाबरलीस?" मावशीने विचारलं.

"हो."

"मग लाटा मोज. मघाशी काय शिकलो?"

मोठ्या लाटा घोळक्याने येतात. आम्ही दगडाला पाठ लावून थांबलो. तीन मोठ्या गेल्या, चौथी जरा लहान, पाचवी अगदीच नरम. "आता," ती म्हणाली आणि आम्ही निघालो. बुटांसकट. बूट काढायचे नाहीत असं तिचंच म्हणणं, अनवाणी पाय बार्नॅकलवर फाटतात. पंधरा-सोळा पावलांचं अंतर. मधे एक लाट आली ती माझ्या मांडीपर्यंत उडाली, मावशीची काठी वाळूत रुतली, ती तशीच सोड म्हटलं तर मावशी सोडेना. मग काठी निघाली आणि आम्हीही निघालो.

मोठ्या किनाऱ्याच्या कोरड्या वाळूवर बसून मावशीने पिशवीतून कोरडे मोजे काढले, शांतपणे घातले आणि माझ्या पायांकडे बघितलं. "तू नाही ना आणलेस?" मी टॉवेल गुंडाळला पायांना. ते पाय घेऊन मी संध्याकाळपर्यंत तशीच बसले, कारण तिला सूर्यास्त बघितल्याशिवाय हलायचं नव्हतं. मधले दोन-अडीच तास कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. थर्मास रिकामा झाला. एक माणूस लांबून चालत गेला, त्याने हात केला, आम्ही हात केला.

सूर्य खाली आला तेव्हा चपटा झाला होता, कुणी वरून दाबल्यासारखा. त्याची खालची कड पाण्याला टेकली.

"हा आता कुठे आहे?" मावशी.

"समोर."

"बुडालाय. पूर्ण."

क्षितिजापाशी हवेचा थर जाड असतो. त्यातून येणारा प्रकाश इतका वाकतो की सूर्याचं बिंब आपल्याला त्याच्या स्वतःच्या जाडीएवढं वर उचललेलं दिसतं. म्हणजे कड पाण्याला टेकताना दिसते तेव्हा सरळ रेषेत बघितलं तर तो अख्खा खाली गेलेला असतो. आम्ही त्या नसलेल्या सूर्याकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो, आणि मग गाडीकडे निघालो. माझे बूट चालताना पचपच आवाज करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. तक्त्याच्या शेजारी दाराला एक खिळा ठोकलेला होता आणि त्याला सुतळीने बांधलेली माझ्या मुलीची लाकडी पट्टी लोंबत होती.